आपल्या कण्याची हालचाल स्वतःच्या हातांनी कशी ओळखावी

‘कंबरेत वाकणे’ आणि ‘कंबरेतून वळणे’ हे शब्दप्रयोग आपण सर्रास करतो. प्रत्यक्षात पहिल्या हालचालीचा मोठा वाटा खुब्याच्या सांध्यांचा असतो, आणि दुसरी हालचाल तर कंबरेचे मणके जवळजवळ करूच शकत नाहीत. हे आकृतीत पाहण्यापेक्षा पाठीवर हात ठेवून पडताळणे मला अधिक खात्रीचे वाटते. त्यासाठी कापडी टेप, सहज पुसले जाणारे पेन, पाठ नसलेले स्टूल, साधारण दीड मीटर लांबीची सरळ काठी आणि मदतीला एक व्यक्ती एवढे पुरेसे आहे.

नुकतेच पडणे-आपटणे झाले असेल, हाडे ठिसूळ असल्याचे निदान असेल किंवा कण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काही करू नये. करताना पायात कळ किंवा मुंग्या उतरू लागल्या, तर तेथेच थांबावे. मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे किंवा पायातले बळ कमी होत जाणे, ही लक्षणे मात्र तातडीने रुग्णालयात जाण्याची आहेत.

सुरुवात मणके मोजण्यापासून करावी. मान किंचित पुढे झुकवून मानेच्या मुळाशी बोट फिरवले की एक ठळक उंचवटा लागतो; तो बहुधा मानेचा सातवा मणका असतो. तेथे दोन उंचवटे जाणवले, तर दोन्हींवर एकेक बोट ठेवून मान सावकाश मागे न्यावी. सहावा मणका बोटाखालून आत सरकतो, सातवा जागीच राहतो. (मानेचे मणके माणसाला सात आणि जिराफालाही सातच, त्याचा एकेक मणका लांब असतो इतकेच.) त्याखाली छातीचे १२ आणि कंबरेचे ५ मणके येतात. हात बाजूला सैल सोडून उभे राहिल्यास खवाट्याचे खालचे टोक साधारणपणे छातीच्या सातव्या मणक्याच्या पातळीवर येते. कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा कंबरेच्या चौथ्या मणक्याजवळून जाते. त्याखाली अनेकांच्या पाठीवर दोन खळ्या दिसतात, त्या त्रिकास्थीच्या पातळीवरच्या. त्रिकास्थी म्हणजे पाच मणके जुळून झालेले एकच हाड. त्याच्या टोकाला माकडहाड असते.

बोटाला लागते ते मणक्याचे मागचे टोक असते, हे लक्षात ठेवावे. वजन पेलणारा जाड भाग आणि दोन मणक्यांमधली गादी ही बरीच आत, पुढच्या बाजूला असतात. गादीच्या मध्यभागी पाणीदार गर असतो आणि त्याभोवती तिरक्या, एकाआड एक उलट दिशेने गेलेल्या तंतूंची वलये असतात.

आता मान. हनुवटी वरखाली करून होकार दिला, तर त्याची सुरुवात कवटी आणि पहिला मणका यांच्या सांध्यात होते. नकार देताना पहिला मणका दुसऱ्याच्या उभ्या खुंटीभोवती फिरतो, आणि मानेच्या एकूण वळण्यापैकी जवळपास निम्मे वळण या एकाच जोडीत घडते. याची परीक्षा सोपी आहे: आधी डोके सरळ ठेवून दोन्हीकडे वळून पाहावे, नंतर हनुवटी छातीला लावून तशाच स्थितीत हळूहळू वळावे. मान पूर्ण झुकली की खालच्या मणक्यांना वळायला फारसा वाव उरत नाही, त्यामुळे जे वळण शिल्लक राहते ते बहुतांशी वरच्या दोन मणक्यांचे असते.

वळण्याची पुढची परीक्षा स्टुलावर बसून करावी, म्हणजे ओटीपोटाचे हाड स्थिर राहते. हात छातीवर घडी करून ठेवावेत. सोबतच्या व्यक्तीने एक तळहात दोन खवाट्यांच्या मध्ये आणि दुसरा कंबरेच्या खोलगट भागावर ठेवावा, आणि आपण सावकाश डावीकडे, मग उजवीकडे वळावे. वरचा हात चांगलाच फिरतो, खालचा जेमतेम हलतो. कंबरेचे पाचही मणके मिळून एका बाजूला सुमारे ५ ते १० अंशच वळतात. याचे कारण मणक्यांच्या मागच्या बाजूला असलेल्या छोट्या सांध्यांच्या ठेवणीत आहे. कंबरेत वरच्या मणक्याची टोके खालच्या मणक्याच्या दोन उभ्या पृष्ठभागांमध्ये बसतात. दोन फळ्यांमध्ये घातलेला ठोकळा जसा पुढेमागे हलतो पण फिरत नाही, तसेच येथे होते. छातीत हेच पृष्ठभाग कौलांसारखे एकावर एक, मागे तोंड करून असतात, म्हणून वळणे सोपे जाते; तेथे वाकण्याला आवर घालण्यात बरगड्यांचाही वाटा असतो. बाजूला झुकणे कण्याच्या सर्वच भागांत थोडेथोडे विभागलेले असते, त्यामुळे त्याची वेगळी परीक्षा येथे घेत नाही.

सर्वाधिक गैरसमज पुढे वाकण्याबद्दल आहेत. बोटे जमिनीला टेकली म्हणजे कणा लवचिक, असे मानले जाते. परंतु खुबे मोकळे आणि मांडीच्या मागचे स्नायू लांब असतील, तर कडक कण्याचा माणूसही जमिनीला हात लावू शकतो. दोन्ही वेगळे काढण्यासाठी टेप वापरावी. ताठ उभे राहून दोन खळ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यावर एक खूण करावी, तिच्यावर १० सेंटिमीटर आणि खाली ५ सेंटिमीटर अशा आणखी दोन खुणा कराव्यात. मग गुडघे सरळ ठेवून जमेल तेवढे वाकावे आणि वरची व खालची खूण यांतील अंतर पुन्हा मोजावे. निरोगी तरुण व्यक्तीत १५ चे अंतर साधारणपणे २० सेंटिमीटर किंवा अधिक होते. ही शोबर चाचणीची सुधारित पद्धत असून मूळ चाचणी १९३७ मधली आहे.

वाकलेले असतानाच सोबतच्या व्यक्तीला कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या वळकट्या चाचपायला सांगावे. वाकायला लागताना त्या घट्ट होतात, कारण शरीराचे वजन त्याच सावकाश खाली सोडत असतात. पूर्ण वाकल्यावर मात्र त्या चक्क मऊ पडतात. त्या क्षणी भार प्रामुख्याने अस्थिबंधांवर आणि ताणल्या गेलेल्या इतर ऊतींवर येतो, आणि वर उठताना स्नायू पुन्हा कामाला लागतात. जुनी पाठदुखी असलेल्यांमध्ये पुष्कळदा हे मऊ पडणे आढळत नाही. माझ्या मते सगळ्या परीक्षांमध्ये ही सर्वांत बोलकी आहे.

शेवटी कणा न वाकवता केवळ खुब्यांतून वाकून पाहावे. काठी पाठीवर उभी धरून ती डोक्याची मागची बाजू, खवाट्यांमधला भाग आणि त्रिकास्थी या तीन ठिकाणी टेकवावी. गुडघे किंचित सैल सोडून नितंब मागे न्यावेत आणि तिन्ही टेकू न सुटता जेवढे झुकता येईल तेवढेच झुकावे. त्रिकास्थीवरचा टेकू सुटला, की कंबर गोल होऊ लागली असे समजावे. पहिल्या खेपेस हे बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा बरेच लवकर घडते.

मोजमापे तारखेसह आणि वेळेसह लिहून ठेवावीत. रात्री आडवे असताना गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी उंची एक-दोन सेंटिमीटर जास्त भरते आणि वाकणे ताठर वाटते; म्हणून झोपेतून उठल्यावर निदान तासभर थांबून, आणि दर वेळी दिवसाच्या त्याच सुमारास मोजावे.