उकळलं, गाळलं, टीडीएस बघितला, तरी पीएफएएस तिथेच: या चुका टाळा

पीएफएएस किंवा ‘फॉरेव्हर केमिकल्स’ हे नाव आता व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डमध्येही फिरतंय. सोबत सल्लेही येतात: पाणी उकळून प्या, नॉनस्टिक तवा फेका, अमुक काढा घ्या. यातले बरेच सल्ले निरुपयोगी आहेत आणि काही तर अपाय करणारे आहेत.

ही हजारो रसायनांची जात आहे. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका घट्ट असतो की पाणी, तेल, उष्णता, जिवाणू कोणालाच तो सहजी तुटत नाही. उद्योगांना ही रसायनं हवीत ती याच गुणासाठी, आणि नदीत किंवा रक्तात गेल्यावर ती टिकून राहतात तीही त्यामुळेच. यातल्या पीएफओएचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण २ ते ४ वर्षं लागतात.

पाणी उकळलं की निर्धास्त होणं

उकळल्याने जंतू मरतात, पीएफएएसला काही होत नाही. उलट वाफ होऊन पाणी आटतं, तेव्हा उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. तुरटी, कँडल फिल्टर आणि यूव्हीचा दिवा यांचीही मदत होत नाही.

याहून फसवा आहे टीडीएस मीटर. फिल्टर विकायला आलेला माणूस पाण्यात मीटर बुडवतो, आकडा कमी दाखवतो आणि आपण हुश्श करतो. ते मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, मिलिग्रॅममध्ये. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीएफएएससाठी ठरवलेली मर्यादा आहे लिटरला ४ नॅनोग्रॅम, म्हणजे २५ लाख लिटरच्या ऑलिम्पिक तलावात मिळून जेमतेम १० मिलिग्रॅम. टीडीएस ५० असो वा ५००, त्यावरून पीएफएएसबद्दल काहीच कळत नाही.

घरच्या पातळीवर मुख्यतः दोन गोष्टी खऱ्या कामाच्या: आरओ आणि सक्रिय कोळशाचा चांगला फिल्टर. आरओचा पडदा शाबूत असेल तर बहुतेक पीएफएएस अडतं. कोळशाचं मात्र पथ्य आहे. तो भरत जातो, वेळेवर बदलला नाही तर आधी धरलेलं पुन्हा पाण्यात सोडू शकतो. ‘पाणी अजून गोड लागतंय, कशाला बदलायचा’ हा हिशेब इथे चालत नाही, कारण पीएफएएसला चव नाही, वास नाही, रंग नाही. शिवाय आरओने अडवलेलं सगळं बाजूच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात जातं. पाणी मुळात दूषित असल्याची शंका असेल, तर ते परसातल्या पालेभाजीला घालू नका. फरशी पुसायला वापरलेलं बरं.

‘आढळले नाही’ वाचून फाइल बंद करणं

ही चूक गावोगावी होईल, म्हणून जरा थांबून सांगतो. समजा ग्रामपंचायतीने पैसे जमवून विहिरीचं पाणी तपासायला दिलं आणि अहवालात लिहून आलं, ‘बीडीएल’, म्हणजे शोधमर्यादेच्या खाली. पहिला प्रश्न विचारा: तुमची शोधमर्यादा किती? प्रयोगशाळेचं यंत्र लिटरला १०० नॅनोग्रॅमच्या खालचं पाहूच शकत नसेल, तर ४ नॅनोग्रॅमच्या कसोटीवर त्या अहवालाला काहीच अर्थ नाही. एककही नीट वाचा. मायक्रोग्रॅम आणि नॅनोग्रॅम यांत हजारपटीचं अंतर आहे.

कोणती रसायनं तपासली याची यादी मागा. एक पीएफओए तपासून ‘पीएफएएस नाही’ असं म्हणता येत नाही. नमुना घेतानाही घोळ होतात: टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण किंवा वॉटरप्रूफ जॅकेटची बाही एवढंही आकडा बिघडवायला पुरतं. प्रयोगशाळेने दिलेलीच बाटली वापरा. नेहमीच्या पाणी-तपासणीत हे सगळं आपोआप होत असेल असंही समजू नका. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकात पीएफएएसची मर्यादाच नाही.

सगळा राग तव्यावर काढणं

नॉनस्टिकचा लेप बहुधा पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा असतो. त्याचा कपचा चुकून पोटात गेला तर तो बहुतांशी तसाच बाहेर पडतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरू नका. साधारण २६० अंशांच्या पुढे लेप बिघडू लागतो, त्याच्या धुराने माणसाला तापासारखा त्रास होतो आणि घरातले पोपट, लव्हबर्ड्स दगावतात. खरवडलेला तवा बदला, बिडाचा घ्या, उत्तमच.

पण खरं नुकसान या लेपाचं रसायन बनवणाऱ्या कारखान्यांच्या अवतीभवती झालं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ ड्यूपाँटच्या कारखान्यातून, टेफ्लॉन बनवताना वापरलं जाणारं पीएफओए पाण्यात गेलं. आधी एका शेतकऱ्याची गुरं मरू लागली, रॉबर्ट बिलॉट या वकिलाने १९९९ मध्ये दावा लावला आणि पुढे सुमारे ६९,००० लोकांचं रक्त तपासलं गेलं. शास्त्रज्ञांच्या समितीने सहा विकारांशी संभाव्य संबंध सांगितला: मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला रक्तदाब. २०२३ मध्ये आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, पीएफओएला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्या लोकांच्या पोटात हे गेलं ते प्रामुख्याने नळाच्या आणि विहिरीच्या पाण्यातून.

म्हणून ‘पीएफओए-फ्री’ या लेबलवर विसंबू नका. पीएफओए काढून त्या जागी जेनएक्स आलं, तेही पीएफएएसच, आणि नॉर्थ कॅरोलिनात केप फिअर नदीत सापडलं. ‘बीपीए-फ्री’ तर वेगळ्याच रसायनाबद्दल आहे.

घाबरून अंगावरचं दूध तोडणं

आईच्या दुधातून पीएफएएस बाळापर्यंत जातं, हे खरं आहे. तरीही स्तनपान चालू ठेवावं असाच अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे, कारण दुधाचे फायदे मोठे आहेत आणि डब्यातली पावडर त्याच दूषित पाण्यात कालवली तर मिळवलं काय? लसीही चुकवू नका. फेरो बेटांवरच्या मुलांत पीएफएएस जास्त तिथे धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीनंतरची प्रतिपिंडं कमी दिसली. लस टाळल्याने अशी मुलं आणखी उघडी पडतील.

डिटॉक्सचे काढे आणि पावडरी यांवर पैसे घालवू नका. धोक्याच्या भागात राहत असाल तर डॉक्टरांकडे कोलेस्टेरॉल, थायरॉइड, रक्तदाब यांची नियमित तपासणी करा. त्याचा प्रत्यक्ष उपयोग आहे.

कचरा जाळून ‘संपवणं’

पिझ्झाचे तेल न शोषणारे खोके, मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या पिशव्या, डाग-प्रतिबंधक सोफ्याचं कापड यांत पीएफएएस असू शकतं. उघड्यावर जाळल्याने ते नष्ट होत नाही, त्यासाठी हजार अंशांच्या वरचं नियंत्रित तापमान लागतं. घरात वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारू नका, तो थेट फुप्फुसात जातो.

‘हे परदेशातलं आहे’ असं समजणं

इटलीत व्हिचेन्झाजवळ त्रिस्सिनो इथे मितेनी नावाचा कारखाना होता. त्याच्यामुळे तीन प्रांतांतलं भूजल दूषित झाल्याचं २०१३ मध्ये उघड झालं, साडेतीन लाखांच्या आसपास लोक त्या पट्ट्यात येतात. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने ११ माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. त्या कारखान्याची यंत्रं आणि पेटंट मुंबईच्या लक्ष्मी ऑर्गॅनिक इंडस्ट्रीजच्या उपकंपनीने विकत घेतली आणि यंत्रं आली रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या लोटे-परशुरामला.

यंत्रं आली म्हणजे प्रदूषण झालंच, असा निष्कर्ष मी काढणार नाही. पण लोट्याचं सांडपाणी दाभोळ खाडीच्या दिशेने जातं, तिथे मासे मरण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत, आणि पीएफओएससारखी रसायनं माशांत साठतात. सीईटीपीतली, म्हणजे वसाहतीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातली जैविक प्रक्रिया पीएफएएस मोडू शकत नाही. काही मूळ रसायनांचं तर त्या प्रक्रियेतच पीएफओए किंवा पीएफओएस तयार होतं. म्हणून ‘सीओडी (सांडपाण्यातल्या सेंद्रिय प्रदूषणाचं ढोबळ माप) मर्यादेत आहे’ हे उत्तर पुरेसं मानू नका.

लोटे असो वा दुसरी कुठली रासायनिक एमआयडीसी, आसपासच्या गावांनी आजच विहिरी, बोअर आणि खाडीतल्या माशांचे नमुने तपासून आकडे नोंदवून ठेवावेत. आजचा आकडा हातात नसेल तर दहा वर्षांनी वाढ सिद्ध कशी करणार? प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची प्रत माहिती अधिकारात मागा आणि तीन गोष्टी शोधा: कोणती फ्लोरिनयुक्त रसायनं बनवायला परवानगी आहे, सांडपाण्यात त्यांची तपासणी कोणत्या शोधमर्यादेपर्यंत होते, आणि वापरून झालेला कोळसा व गाळ कुठे जातो. संमतीपत्रात यांचा उल्लेखच नसेल, तर ग्रामसभेचा ठराव करून तो घालायची लेखी मागणी करा.