सुरवंटाबरोबर बेरीज

दुसरीला बेरीज शिकवताना मी आधी एरिक कार्ल यांचं १९६९ सालचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ हे खादाड सुरवंटाचं चित्रपुस्तक काढते. पहिल्यांदा नुसती गोष्ट. गणिताचं नावही नको. दुसऱ्या वाचनाला प्रत्येकापुढे मूठभर चिंचोके. सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन नासपती, असं शुक्रवारच्या पाच संत्र्यांपर्यंत जायचं आणि तेवढे चिंचोके एकाखाली एक रांगेत मांडायचे. पान उलटण्याआधी “उद्या किती?” विचारा आणि गप्प बसा. (हे मोठ्यांनाच जड जातं.) जिना तयार झाला की एक नि चार, दोन नि तीन अशा पाचाच्या जोड्या लावायला सांगा; शेवटची रांग पाचाचीच, पंधरा पटकन येतात. शनिवारचे दहा पदार्थ वेगळे मोजा, मग मिळवा. पुस्तकाच्या पानांतल्या भोकांत बोटं घालू द्या. फाटलंच तर चिकटपट्टी आहे.