सांताक्रूझ की कुलाबा?

वर्तमानपत्रात इंटर्न म्हणून मी लिहिलेली पहिली बातमी चार ओळींची होती. 'मुंबईत 110 मिलीमीटर पाऊस.' डेस्कवरच्या सरांनी ती वाचली आणि विचारलं, "कुठल्या मुंबईत?"

लातूरहून आलेल्या मला मुंबई एकच ठाऊक होती. इथल्या पावसाचा आकडा सांगताना तो हवामान खात्याच्या कुलाबा केंद्राचा की सांताक्रूझ केंद्राचा, हे आधी सांगावं लागतं. 24 तासांचा पाऊस म्हणजे आज सकाळी साडेआठपासून उद्या सकाळी साडेआठपर्यंतचा. 26 जुलै 2005ची ती 944 मिलीमीटरची नोंद सांताक्रूझची. त्याच वेळी कुलाब्यात शंभरसुद्धा पडला नव्हता. माझे 110 कुठले आणि किती वाजेपर्यंतचे, हे मला सांगता येईना. बातमी गेली नाही.

मुंबईत इंटर्नशिपला येणाऱ्यांना मी आधी हेच सांगते. मंत्र्यांना प्रश्न विचारायचा योग येईल तेव्हा येईल, पहिला महिना फोनवर जातो. संध्याकाळच्या पाळीत फोनफेरी असते: अग्निशमन दल, महापालिकेचा आपत्कालीन कक्ष, रेल्वे पोलीस, मग केईएम, सायन, नायर, कूपर ही रुग्णालयं. मी सुरुवातीला विचारायचे, "सर, काही विशेष?" पलीकडून 'नाही' यायचं आणि मी सुटल्यासारखी फोन ठेवायचे. एकदा 'नाही' ऐकल्यावर पंधरा मिनिटांनी दुसऱ्या पेपरच्या पोरानं त्याच कक्षातून आगीची बातमी काढली. त्यांच्या लेखी एक नंबरची वर्दी, म्हणजे किरकोळ आगीचा कॉल, विशेष नव्हतंच. तेव्हापासून मी प्रश्न लिहूनच बसायचे. आतापर्यंत वर्दी किती आल्या? कुठे? लेव्हल कुठली? जखमींना कुठल्या रुग्णालयात नेलं? आणि शेवटचा, सगळ्यात कामाचा: ही माहिती किती वाजताची? आठ वाजता दोन जखमी असतात, दहाला एक मृत असतो, आणि पान साडेदहाला छपाईला सुटतं.

लाज फार वाटते, हे खरं. आपली मराठी गावाकडची, समोरचा खेकसतो. पण तो रोज सगळ्यांवरच खेकसतो, हे कळायला मला तीन आठवडे लागले.

एक गोष्ट मात्र फोनवर शिकता येत नाही. अत्याचार झालेल्या बाईचं नाव छापायचं नाही, हे कॉलेजात पाठ झालेलं असतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 72मध्ये त्याला शिक्षाही आहे. मी नाव टाकलंच नव्हतं. चाळीचं नाव, नवऱ्याचा धंदा आणि मुलीची इयत्ता तेवढी टाकली होती. सरांनी कॉपी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "त्या चाळीत ही कोण ते आता कुणाला विचारावं लागेल का?" मी तीनही ओळी खोडल्या. बातमी छोटी झाली, तशीच गेली.

पैशांचं थोडक्यात: मानधन मिळालं तर मिळालं, त्यावर बेत आखू नका. मी डोंबिवलीत कॉट बेसिसवर राहिले, म्हणजे खोलीतली एक खाट आणि कपाटाचा एक कप्पा. रात्रीच्या पाळीला लावताना शेवटच्या लोकलची वेळ आधीच सांगून टाका. त्यात कमीपणा नाही. रात्री लेडीज डब्यात पोलीस असतो, त्या डब्यात बसा. आणि डबा सकाळीच भरून घ्या, कारण कॅन्टीनचा वडा रोज खाऊन पोट बिघडतं (माझं बिघडलं).

सीएसएमटीला उतरलात की अर्धी पत्रकारिता चालत गाठता येते. समोर महापालिका, पुढे आझाद मैदान, त्याच्या कडेला प्रेस क्लब आणि पत्रकार संघ, जवळच किल्ला कोर्ट. मंत्रालय थोडं लांब, आणि अधिस्वीकृती (पत्रकाराचं सरकारी ओळखपत्र) नसल्यानं तिथे पास काढावा लागतो. मोठे बातमीदार आझाद मैदानावर रोज जात नाहीत, कारण तिथे रोजच कुणीतरी बसलेलं असतं. इंटर्नसाठी ती जागा रिकामीच आहे असं समजा.

मी जेवणाच्या सुट्टीत जायचे. एका दुपारी ताडपत्रीखालून आमच्याकडची बोली ऐकू आली. थकलेल्या मानधनासाठी लातूरकडच्या बाया तीन दिवस बसल्या होत्या. "कुणाची गं तू?" इथूनच सुरुवात झाली. त्यांनी मला शेंगदाण्याची चटणी-भाकरी खायला घातली आणि दीड तास बोलल्या. रात्री कुठे झोपतात, आंघोळीला कुठे जातात, गावाकडे लेकरांना कोण बघतं, सगळं मी लिहून घेतलं. आतल्या पानावर बातमी लागली, खाली माझं नाव. पहिलं.

त्या तोवर परतीच्या गाडीत बसल्या होत्या, आणि आमची मुंबई आवृत्ती त्यांच्या गावात जात नाही. मी पानाचा फोटो व्हॉट्सअपवर पाठवला. संध्याकाळी फोन आला. "पोरी, लई चांगलं लिहिलंस. पण चार महिन्यांचं नव्हं, पाच महिन्यांचं थकलंय."

चार मला एकीनं सांगितलं होतं. दुसरीला विचारलं नव्हतं.

सरांना सांगायला मी दहा मिनिटं पाण्याच्या कूलरपाशी उभी होते. ते रागावले नाहीत. "दोन ओळींची दुरुस्ती लिही," एवढंच म्हणाले. लिहिण्याआधी मी त्या बायांपैकी तिघींना फोन केला. तिघींनीही पाच सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर खाली त्या दोन ओळी गेल्या, अर्थातच बिननावाच्या. त्याही मी कापून ठेवल्या आहेत.