गोडी लागेपर्यंत आणि लागल्यानंतर : मुलांची आवड कशी जोपासावी

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की, मुलाची आवड कुठेतरी तयार होऊन दडलेली आहे आणि पालकांनी ती फक्त हुडकून काढायची आहे, असे वाटू लागते. मग चौथ्या वर्षापासून एकामागून एक वर्ग लावले जातात आणि आठव्या वर्षी ‘याला कशातच रस नाही’ असा निकालही दिला जातो. खरे तर आपली भाषाच याबाबत अधिक शहाणी आहे. आपण गोडी ‘लागते’ म्हणतो, नाद ‘लागतो’ म्हणतो. तो सापडतो असे कोणी म्हणत नाही. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानोवादन, शिल्पकला, जलतरण, टेनिस, गणित आणि मज्जासंस्थेचे संशोधन या क्षेत्रांत उच्च स्थानी पोहोचलेल्या सुमारे 120 व्यक्तींच्या जडणघडणीचा अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या फार थोड्यांना लहानपणी कोणी असामान्य समजले होते.

म्हणून सुरुवात वर्ग शोधण्यापासून न करता निरीक्षणापासून करावी. दोन-तीन आठवडे एक छोटी वही ठेवावी आणि कोणी न सांगता मूल पुन्हापुन्हा कशाकडे वळते, कोणता प्रश्न दुसऱ्या दिवशीही विचारते, कोणते काम बिघडले तरी चिडून का होईना पुन्हा हाती घेते, एवढेच तीत टिपावे. मूल एखादी गोष्ट किती चांगली करते याची नोंद या टप्प्यावर नको. कौशल्य आणि ओढ या वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ मुले आपल्याला येते म्हणून एखादे काम करत राहतात, त्यांचे मन मात्र दुसरीकडेच असते.

निरीक्षण वरवरचे राहिले तर काय होते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. सात वर्षांचा एक मुलगा सतत रेल्वेगाड्यांची चित्रे काढतो. घरच्यांना वाटते, याला चित्रकलेची आवड आहे, आणि ते त्याला चित्रकलेच्या वर्गात घालतात. तिथे फुले, डोंगर आणि सूर्योदय काढायला सांगतात. दोन महिन्यांत मुलगा वर्गाला कंटाळतो आणि घरी चित्रे काढणेही सोडतो. त्याची जुनी चित्रे नीट पाहिली असती तर दिसले असते की, आकाश आणि झाडे त्याने कधी रंगवलीच नव्हती, पण चाकांना जोडणारा दांडा, दोन डब्यांमधली जोडणी आणि रुळांचा सांधा मात्र दरवेळी अधिक बारकाईने काढला होता. त्याला ओढ होती ती यंत्र कसे चालते याची. कागद आणि पेन्सिल हे त्याचे विचार करण्याचे साधन होते. त्याच्या हाती पेचकस आणि एखादे बंद पडलेले घड्याळ (बॅटरी काढून) दिले असते, तर ते अधिक उपयोगी पडले असते. म्हणून कृती दिसली की, ‘यातले नेमके काय आवडते?’ हे मुलालाच विचारावे आणि त्याचे उत्तर मध्येच न तोडता ऐकावे.

ओढीचा अंदाज आला की मोकळा वेळ द्यावा. शाळा, गृहपाठ आणि वर्ग यांनी दिवस काठोकाठ भरलेला असेल तर कोणतीच गोडी लागत नाही. मुलाने कंटाळल्याची तक्रार केली तरी लगेच मोबाइलचा पडदा हाती देऊ नये. त्या रिकामपणातूनच ते काहीतरी शोधून काढते. साहित्य साधे पण खरे असावे आणि मुलाचा हात पोहोचेल अशा जागी ठेवावे.

पहिला शिक्षक निवडताना त्याच्या कीर्तीपेक्षा त्याचा स्वभाव पाहावा. ब्लूम यांच्या अभ्यासातल्या अनेकांनी आपले पहिले शिक्षक प्रेमळ आणि शिकणे खेळासारखे करणारे होते असे सांगितले. काटेकोर शिस्तीचे गुरू त्यांना पुढच्या टप्प्यावर भेटले. हा क्रम उलटा झाला तर गोडी लागण्याआधीच धाक बसतो.

बक्षिसांबाबत मी विशेष सावध राहायला सांगेन, कारण इथे चांगल्या हेतूनेच नुकसान होते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्रक दिले. काही दिवसांनी ही मुले मोकळ्या वेळात इतर मुलांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्रक अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड मात्र घटली नाही. ‘रोज सराव केलास तर अमुक देईन’ असा सौदा म्हणूनच टाळावा. त्याऐवजी कामाकडे लक्ष द्यावे : ‘हा सांधा तू मागच्या वेळी वेगळा जोडला होतास, या वेळी का बदललास?’ असा प्रश्न ‘किती हुशार आहेस!’ यापेक्षा मुलाला जास्त पुढे नेतो. पाहुण्यांसमोर ‘करून दाखव’ म्हणणेही शक्यतो टाळावे.

पुढे अवघड टप्पा येतोच. नवेपणा ओसरतो, बोटे दुखतात, प्रगती थांबल्यासारखी वाटते. आवड जन्मजात आणि ठरलेली असते असे मानणारे लोक विषय कठीण होताच त्यातला रस लवकर गमावतात, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय संशोधनात आढळले आहे. म्हणून हा टप्पा येण्याआधीच मुलाला त्याची कल्पना द्यावी, सरावाचे तुकडे लहान करावेत आणि त्या वेळात स्वतः जवळ बसावे. सूचना न देता नुसते बसले तरी चालते.

आणि सोडायचे असेल तर? सुरुवातीलाच मुलासोबत एक मुदत ठरवावी, उदाहरणार्थ चार महिने, आणि निर्णय त्या मुदतीनंतरच घ्यावा; वाईट गेलेल्या दिवशी, रडताना किंवा स्पर्धेत हरल्यावर नव्हे. मुदत संपल्यावरही मूल ‘नको’ म्हणाले तर झालेल्या खर्चाचा हिशेब न ऐकवता ते मान्य करावे. वाद्य किंवा हत्यारांची पेटी मात्र माळ्यावर टाकू नये, हाताशी येईल अशा फळीवरच राहू द्यावी.