ब्लॅक बेल्टचे हात मोकळे ठेवा

१९८७ चा पहिला ‘फायनल फॅन्टसी’ हा व्हिडिओ गेम खेळताना सुरुवातीचा सगळा पैसा शस्त्रांतच जातो. त्यावर उपाय म्हणजे आपल्या चार पात्रांत एक ब्लॅक बेल्ट (हातापायांनी लढणारा गडी) घ्या.

१. पहिल्या काही लेव्हल त्याच्या हाती नानचाकू (साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांचं शस्त्र) असू द्या.
२. मग दर लेव्हलला शस्त्र काढून स्टेटस स्क्रीनवरचा डॅमेजचा (एका फटक्याच्या ताकदीचा) आकडा ताडून बघा. आकडे जवळपास आले की शस्त्र विकून टाका. रिकाम्या हाताने फटके दुप्पट बसतात. (मी उगाच बराच काळ महागडी शस्त्रं देत बसलो होतो.)
३. वाचलेल्या पैशात फायटरला (तलवारीने लढणाऱ्या पात्राला) चिलखत.

एक सांभाळा: मूळ आवृत्तीत चौघांना एकाच शत्रूवर सोडू नका. तो आधीच मेला तर उरलेले वार फुकट जातात.