सुकं, रस्सा की खिमा? आधी ठरवा, मग मटण घ्या

रविवारी सकाळी लालबाग-परळच्या मटणाच्या दुकानांसमोर रांग लागते आणि रांगेतल्या बहुतेकांची मागणी एकच असते, "एक किलो मिक्स द्या." मिक्समध्ये मांडी, खांदा, मान, बरगड्या, एखादी नळी, थोडी चरबी असं सगळं येतं. ते एकाच कुकरमध्ये, एकाच वेळी शिजतं. बरगडीचं मांस हाड सोडून रश्शात विरघळतं आणि मांडीचा तुकडा दातांना दाद देत नाही. मग घरात सगळे म्हणतात, मटण जून निघालं.

बऱ्याचदा ते जून नसतं. त्या भागाला हवी तेवढी आच आणि तेवढा वेळ मिळालेला नसतो. म्हणून दुकानात जाण्याआधी काय करायचं ते ठरवा आणि मटणवाल्याला तेच सांगा. "दादा, रश्शासाठी हवंय, पुढच्या पायाचं आणि मानेचं द्या, दोन नळ्या टाका," एवढं म्हटलं तरी निम्मं काम होतं.

दुकानातून घरापर्यंत

मुंबईत मटण बहुतेक उघड्यावर टांगलेलं असतं. जिवाणू साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान झपाट्याने वाढतात. कच्चं मांस या तापमानात एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. आपल्याकडे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये तो तासाचाच हिशेब धरायचा. गटारीच्या दिवशी तर दुपारी बारापर्यंत रांगेत उभं राहण्यापेक्षा सकाळी लवकर जाऊन यावं. परवानाधारक दुकान बघा, तपासणीचा शिक्का बघा. मांस ओलसर असावं, चिकट नसावं. बोटाने दाबलं की खड्डा भरून यावा. आंबूस वास आला तर तिथूनच परत फिरा.

घरून झाकणाचा स्टीलचा डबा न्या. मटण शेवटी घ्या, म्हणजे आधी भाजी, किराणा, आणि मग मटण घेऊन सरळ घर. येताना वाटेत गप्पा मारत थांबू नका.

ओट्यावर

मटणासोबत आपण जे कच्चं खातो, ते कांदा, लिंबू, कोथिंबीर, कोशिंबीर, आधी चिरून झाकून ठेवा. मटणाचा डबा त्यानंतर उघडा. माझ्या मते स्वयंपाकघरातली ही सगळ्यात उपयोगी सवय आहे. कच्च्या मटणाचं पाणी लागलेल्या सुरीने कांदा चिरला, तर मटण कितीही शिजवा, कांदा शिजत नाही. मांसासाठी चिरायचा पाट वेगळा असेल तर उत्तमच. एकच असेल तर काम झाल्यावर गरम पाणी आणि साबणाने घासून उन्हात उभा करून वाळवा. हात साबणाने किमान 20 सेकंद धुवा, आणि नळाची चावी त्याच हाताने उघडली असेल तर तीही पुसा.

आता चिकन धुण्याबद्दल. आपल्या घरांत न धुता चिकन शिजवणं पटणं अवघड आहे, हे मला माहीत आहे. पण नळाची धार चिकनवर पडली की बारीक शिंतोडे सिंकच्या बाजूच्या भांड्यांवर, ओट्यावर, वाळत टाकलेल्या फडक्यावर उडतात, आणि कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. धुतल्याने ते मरत नाहीत, शिजवल्याने मरतात. हाडाचा चुरा किंवा पिसांचे अंश काढायचेच असतील तर टोपात पाणी घेऊन त्यात तुकडे हलक्या हाताने खळबळून काढा, ते पाणी सावकाश सिंकमध्ये ओता आणि लगेच सिंक साबणाने घासा. नळाखाली मात्र धरू नका.

मुरवण्यासाठी एक किलोला दोन चमचे मीठ, एक चमचा हळद आणि दोन मोठे चमचे आलं-लसणाचं वाटण पुरतं. मुरायला ठेवलेलं मटण ओट्यावर ठेवू नका, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात झाकून ठेवा, म्हणजे त्याचं पाणी दह्या-दुधात गळणार नाही.

कोणता भाग, कशी आच

बोकड ज्या भागाने चालतो, मान वर-खाली करतो, तिथले स्नायू दिवसभर राबलेले असतात. त्यात शिरा आणि चिवट पडदे जास्त असतात. हे पडदे कोलॅजेनचे असतात आणि ओलसर उष्णतेत, 70-80 अंशांच्या पुढे, सावकाश वितळून जिलेटिन होतात. रश्शाला ओठांना चिकटणारा जो दाटपणा येतो तो याचाच. म्हणून पुढचा पाय, खांदा, मान आणि नळी रश्शाला. यांना घाई चालत नाही. टोपात मटण चांगलं परतून, स्वतःचं पाणी सुटू द्या. मग ताटावर पाणी ठेवून झाका आणि लागेल तसं ते गरम झालेलं पाणीच आत घाला. थंड पाणी घातलं की उकळी मोडते आणि शिजायचा वेळ लांबतो, म्हणून आजीचा हा नियम मी आजही पाळते. मंद आचेवर सव्वा ते दीड तास लागतो. कुकरमध्ये दाबामुळे तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, म्हणून कोवळ्या बोकडाला चार-पाच शिट्ट्या आणि जून असेल तर सात-आठ पुरतात. शिट्टी उचलून वाफ काढू नका, कुकर आपोआप निवू द्या. हाडापासून मांस सुटायला लागलं, की झालं.

मागची मांडी म्हणजे रान, हिच्यात हाड कमी आणि मांस भरपूर. सुक्यासाठी छान, पण चरबी कमी असल्याने जास्त शिजवली की कोरडी होते. अख्खी रान करायची असेल तर आदल्या दिवशी आणा. कापल्यानंतर काही तासांत मांस आखडतं आणि फ्रिजमध्ये दिवसभर राहिलं की सैल होतं. कच्ची पपई लावायची तर किलोला दोन चमचे आणि तास-दीड तास. पपईतलं मांस मऊ करणारं पपेन पृष्ठभागावरच काम करतं, त्यामुळे रात्रभर ठेवली की वरचं मांस पिठूळ आणि आतलं तसंच राहतं.

चाप आणि सीना वेगळे. चाप पाठीच्या बाजूचे, नाजूक. पंधरा-वीस मिनिटं वाफेवर शिजवून मग तव्यावर मसाल्यात परतले की पुरे. सीना म्हणजे छातीचा भाग, चरबीचा आणि कुरकुरीत हाडांचा, तो पुढच्या पायासोबत रश्शात चालतो. नळीतला मगज खाणारं घरात कोणी असेल तर नळी लांब तोडून मागू नका, तोंडाकडून नेमकी फोडून घ्या.

खिम्याची गोष्ट निराळी. अख्ख्या तुकड्यावर जिवाणू बहुतेक वरच्या बाजूला असतात, ते आचेवर पटकन मरतात. खिमा केला की वरचं सगळं आत मिसळतं. म्हणून खिमा आतपर्यंत 71 अंश झालाच पाहिजे. अख्ख्या तुकड्याला 63 अंश आणि नंतर तीन मिनिटांचा विसावा पुरतो, आणि चिकनला, मग ते कोणत्याही भागाचं असो, 74 अंश. खिमा समोर करून घ्या, त्याच दिवशी शिजवा. खिमा पॅटिस तळताना मधलं पॅटिस तोडून बघा. फक्त रंगावर जाऊ नका, मांस पुरेसं शिजण्याआधी तपकिरी होऊ शकतं आणि शिजल्यावरही गुलाबी राहू शकतं. पॅटिस, भाजलेली रान किंवा अख्खी कोंबडी असे पदार्थ वारंवार करत असाल, तर मांसात टोचायचा थर्मामीटर घ्या. उकळत्या रश्शाला त्याची गरज पडत नाही.

कलेजी पटकन बिघडते आणि पटकन शिजते. आणल्या दिवशीच करा. मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटं, मीठ शेवटी, नाहीतर चामड्यासारखी होते. आतून कच्ची लाल मात्र ठेवू नका. गरोदर बाईला "रक्त वाढतं" म्हणून कलेजी आग्रहाने वाढतात, पण कलेजीत जीवनसत्त्व अ खूप असतं आणि गरोदरपणात ते जास्त झालं तर बाळाला घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारून मगच द्या. तिच्यासाठी अर्धंकच्चं मटणही कधीच नको, त्यातून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी जाऊ शकतो.

वजडी, म्हणजे बोकडाचं पोट-आतडं, स्वच्छ करून मिळत असली तरी घरी गरम पाण्यात पुन्हा खरवडा. हळद घालून एक उकळी काढा, ते पाणी फेकून द्या आणि मग कुकरमध्ये पाऊण तास शिजवा. पायाला, म्हणजे खुरांकडच्या तुकड्यांना, यापेक्षाही धीर लागतो, मंद आचेवर तीन तास दिले तर कोणत्याही मसाल्याची उणीव भासत नाही.

उरलं तर

इथे मला आमच्या घरच्या हळदीचा प्रसंग सांगायला हवा. नणंदेच्या हळदीला मोठ्या टोपात मटण केलं, उरलेलं तसंच झाकून रात्रभर गॅसवर राहिलं. सकाळी गरम करून पुरुषमंडळींना वाढलं. दुपारपर्यंत पाच जण पोट धरून आडवे, त्यात सासरेबुवा सत्तरीचे. वास काहीच येत नव्हता, चवही छान होती. नंतर वाचल्यावर कळलं, की शिजवल्यावरही काही जिवाणूंचे बीजाणू टिकून राहतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा त्यातलाच. मोठा टोप आतून तासन् तास कोमट राहतो आणि तिथे ते जागे होऊन वाढतात. नेमका कोणता जिवाणू होता हे कोणी तपासलं नाही, पण रात्रभर बाहेर राहिलेलं मटण मी त्यानंतर कोणाला वाढलेलं नाही.

जेवण झालं की दोन तासांच्या आत उरलेलं मटण उथळ डब्यांत विभागा. टोप मोठाच असेल तर मोरीत परातीत थंड पाणी आणि बर्फ घेऊन त्यात टोप ठेवा, मधून मधून ढवळा. कोमट झालं की डबे फ्रिजमध्ये. फ्रिज 4 अंशांवर किंवा त्याखाली हवा, दार सारखं उघडत राहिलं तर तो तिथे राहत नाही. शिजवलेलं मटण तीन-चार दिवस, कच्चे तुकडे तीन ते पाच दिवस, कच्चं चिकन एक-दोन दिवसच, आणि खिमा-कलेजी त्याच दिवशी जमलंच नाही तर फार तर तेवढेच.

फ्रीझरमध्ये ठेवायचं तर अर्ध्या अर्ध्या किलोची, चपटी पाकिटं करा, तारीख लिहा. लागेल तेव्हा आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा. घाई असेल तर पाकीट घट्ट बंद करून थंड पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत. ओट्यावर काढून ठेवलं की वरचा थर कोमट होतो आणि आत बर्फच असतो.

दुसऱ्या दिवशीचा रस्सा लागेल तेवढाच डब्यातून काढा आणि तळापासून खळखळून उकळी येऊ द्या. वाढून उरलेला पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका.