ब्रिजवरच्या या चुका टाळा

जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर वॉचच्या, म्हणजे पहाऱ्याच्या, पाळीत कोणी 'दोनच मिनिटं' मोबाइल बघतो, तेव्हा 12 नॉटने (तासाला 12 सागरी मैल) जाणारं जहाज तेवढ्यात सुमारे 740 मीटर पुढे गेलेलं असतं. समोरून 15 नॉटने जहाज येत असेल आणि आपलाही वेग तेवढाच असेल, तर 6 सागरी मैलांचं अंतर 12 मिनिटांत संपतं. हा हिशोब नवीन ऑफिसरला परीक्षेत जमतो, वॉचवर आठवत नाही.

मोबाइलची रेंज शोधणं

2020 च्या जुलैमध्ये 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज मॉरिशसच्या प्रवाळावर चढलं. मूळ मार्ग किनाऱ्यापासून 22 मैलांवर होता. 23 तारखेला तो 5 मैलांवर आणला गेला. 25 तारखेला मोबाइलची रेंज मिळावी म्हणून जहाज आणखी जवळ, 2 मैलांपर्यंत नेण्याचं ठरलं. एवढ्या जवळून जायला लागणारा मोठ्या प्रमाणाचा, म्हणजे बारीक तपशील दाखवणारा, चार्ट (समुद्राचा नकाशा) जहाजावर नव्हता आणि लुकआउटही (आजूबाजूला नजर) नीट ठेवला नव्हता. पुढे सुमारे 1000 टन तेल समुद्रात गेलं. यात एकही यंत्र बिघडलेलं नव्हतं.

म्हणून फोन केबिनमध्येच ठेवा. सायलेंट करून खिशात ठेवणं हा उपाय नाही, कारण तो थरथरला की हात तिकडे जातोच. मार्ग बदलायचा असेल तर आधी योग्य चार्ट, मग कॅप्टनची परवानगी, मग नवीन वेपॉइंट (मार्गावरचे ठरवलेले बिंदू). रात्री तर स्क्रीनकडे एकदा बघितलं तरी अंधाराला सरावलेली नजर जाते. ती पूर्ण परत यायला 20 ते 30 मिनिटं लागतात.

अलार्म न वाचता बंद करणं

याची सर्वांत जास्त चीड येते. एक्डिस (इलेक्ट्रॉनिक चार्ट दाखवणारी यंत्रणा) सारखा वाजतो, म्हणून आवाजच बंद करायचा, ही पळवाट शिकवणारे सीनियरही आहेत. 18 सप्टेंबर 2013 ला 'ओव्हिट' हा केमिकल टँकर डोव्हरच्या सामुद्रधुनीत वार्न बँकवर रुतला. आखलेला मार्गच त्या उथळ जागेवरून जात होता आणि एक्डिसचा आवाज चालत नव्हता. जहाज रुतल्याचं वॉचवरच्या ऑफिसरला कळायला 19 मिनिटं लागली.

अलार्म फार वाजतात, कारण सेटिंग चुकलेलं असतं. सेफ्टी कंटूर (स्क्रीनवरची सुरक्षित खोलीची सीमारेषा) आणि सेफ्टी डेप्थ (किमान सुरक्षित खोली) या फेरीचा ड्राफ्ट (जहाज पाण्याखाली किती आहे ते), स्क्वॉट (वेगामुळे जहाज आणखी खाली बसणं) आणि ठरवलेलं तळाखालचं पाणी धरून बसवा, मागच्या फेरीचे आकडे ठेवू नका. अलार्म आला की मोठ्याने वाचा, खिडकीतून आणि रडारवर बघा, मगच दाबा.

बीएनडब्ल्यूएएस या ब्रिजवरच्या अलार्म यंत्रणेचंही तेच. ते 3 ते 12 मिनिटांच्या अंतराने तुम्ही जागे आहात का हे विचारतं. प्रतिसाद नसेल तर आधी दिवा, 15 सेकंदांनी ब्रिजवर आवाज, आणखी 15 सेकंदांनी बॅकअप ऑफिसर किंवा कॅप्टनकडे आवाज. खुर्चीत बसून हात लांबवून बटण दाबणाऱ्याला यातून काहीच मिळत नाही. रिसेट करायला उठा, दोन्ही विंगकडे (ब्रिजच्या दोन्ही बाजूंच्या टोकांकडे) एक नजर टाका.

आणखी काही

लुकआउटला, म्हणजे नजर ठेवायला नेमलेल्या माणसाला, साफसफाईला पाठवू नका. हेल्मवर (सुकाणूवर) उभा असलेला माणूस लुकआउट म्हणून मोजू नका.

टक्कर टाळायची बोलणी व्हीएचएफ रेडिओवर करत बसू नका. भलतंच जहाज उत्तर देतं आणि वळायची वेळ निघून जाते. नियमानुसार लवकर आणि स्पष्ट दिसेल एवढं वळा.

पायलट (बंदराजवळ वाट दाखवायला येणारा स्थानिक जाणकार) चढला म्हणजे आपलं काम संपलं, असं नव्हे. दर वळणाला पोझिशन स्वतः तपासा.

चेकलिस्ट, ई-मेल, चार्ट करेक्शन ही कामं गर्दीच्या पाण्यात नकोच. इंजिन रूमचा फोन वळण चालू असताना आला, तर 'वळण झालं की बोलतो' एवढंच सांगून ठेवून द्या. काम अर्धवट तुटलं असेल, तर सोडलं तिथून नव्हे, एक पायरी मागून सुरू करा.

वॉच बदलताना जहाज वळत असेल किंवा समोरच्याला वाट देत असेल, तर चार्ज देऊ नका. येणाऱ्याची नजर अंधाराला सरावलेली नसेल, तरीही थांबा.